पान्हा आणि कामाची पाळी

हिंजवडीला लागून असलेले मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव एके काळी भातखाचरांचे होते. गेल्या पंचवीस वर्षांत माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगाने परिसराचे रूप पालटले. खाचरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, बांधांचे रस्ते झाले आणि सकाळी त्या रस्त्यांवर कंपन्यांच्या बसगाड्यांची जी रांग लागते ती पाहून येथून कधी बैलगाड्या जात असतील यावर नवख्याचा विश्वास बसू नये. तथापि गाव म्हणजे काही पाटी नव्हे की ओल्या फडक्याने एकदम पुसून निघावी. एखाददुसरा गोठा अजून तग धरून आहे, आणि पिशवीच्या दुधावर मन न बसलेली प्रस्तुत लेखकासारखी चार घरे तेथला रतीब चालू ठेवून आहेत.

मागील पावसाळ्याच्या अखेरीस एके सकाळी दूध आणावयास गेलो, तो गोठ्याचे मालक जवळजवळ रिकामी बादली घेऊन उभे. "आज हिनं पान्हा चोरला बघा, सर," म्हशीकडे बोट दाखवीत ते म्हणाले. "शेजारच्या प्लॉटवर ते खड्डं पाडायचं मशिन धडाडायला लागल्यापासनं नीट दूधच देईना. बिचकलीय." एवढ्यात घरातून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू आले. चौकशी करता कळले की, सून तीन महिन्यांची बाळंतीण असून एका कार्यालयाच्या इमारतीत साफसफाईच्या कामावर ती पंधरवड्यापूर्वी पुन्हा रुजू झाली आहे. सकाळी सातला घर सोडते, सायंकाळी सहाला परतते. "आणि तिचं दूध आटलं," ओट्यावरून सासूबाईंनी सांगितले. "अंगातच काही नाही तिच्या. खात नाही, पीत नाही. मग दूध येणार कुठनं?"

दोघेही मायाळू. सुनेला घालून पाडून बोलण्याचा हेतू दोघांचाही नव्हता. परंतु घरी परतताना एक गोष्ट मनाला टोचत राहिली. म्हशीचे दूध कमी झाले तेव्हा मालकाने आजूबाजूला पाहिले आणि कारण बरोबर हेरले. सुनेचे दूध कमी झाले तेव्हा घराने तिच्या ताटात पाहिले. स्तन्याच्या शास्त्राने गेल्या शंभर वर्षांत जे काही शोधून काढले आहे ते विचारात घेतले, तर या दोन निदानांपैकी गोठ्यातले निदान अधिक शास्त्रीय होते असे म्हणावे लागते.

मराठी भाषेने या बाबतीत एक सूक्ष्म भेद फार पूर्वीच करून ठेवला आहे. दूध 'येते' आणि पान्हा 'फुटतो'. दूध असणे निराळे आणि ते वाहू लागणे निराळे. गाय पान्हा चोरते तेव्हा दूध तिच्या कासेत असतेच. केवळ ती ते सोडीत नाही. हा भेद ज्याला कळला त्याला या विषयातील निम्मे शास्त्र कळले, कारण या दोन क्रियांमागे दोन निरनिराळी संप्रेरके आहेत. दूध निर्माण करण्याचे काम मुख्यतः प्रोलॅक्टिनचे आणि ते बाहेर लोटण्याचे काम ऑक्सिटोसिनचे. दोन्ही रक्तात उतरतात ती मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून. मराठी पाठ्यपुस्तके तिला पीयूषिका म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याने जाणून ठेवले की अजाणता, हे सांगता येत नाही. पण संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, तसाच नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक, हाही त्याचा अर्थ आहे.

प्रोलॅक्टिनची हकिगत विलक्षण आहे. १९२८ साली स्ट्रासबुर्ग येथे स्ट्रिकर आणि ग्रूटर या संशोधकांनी पीयूषिकेचा अर्क सशाच्या मादीला टोचला, तेव्हा तिच्या स्तनांत दूध उतरले. पुढे चार-पाच वर्षांतच अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी यांनी या द्रव्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिले. आणि ते मोजण्याचे साधन त्यांना कोठे सापडले म्हणाल, तर पारव्याच्या गळ्यात. पारव्याची पिले पहिले काही दिवस दाण्यावर वाढत नाहीत. नर आणि मादी या दोघांच्याही गळ्याशी असलेल्या अन्नपिशवीचे अस्तर जाड होऊन त्यातून दह्याच्या कवडीसारखा पदार्थ सुटतो आणि तोच ते पिलांना भरवितात. प्रोलॅक्टिन टोचले की हे अस्तर फुगते. किती फुगले यावरून द्रव्य किती हे ठरवावयाचे. आपल्या खिडकीच्या छज्जावर घाण करून ठेवणाऱ्या या पक्ष्याने मातृत्वाच्या शास्त्राची अशी सेवा केलेली आहे.

ससा झाला, पारवा झाला, मेंढी झाली. माणूस मात्र हाती लागेना. १९७० पर्यंत अनेक जाणकार असेच मानीत की, मानवाला स्वतंत्र प्रोलॅक्टिन नाहीच, वाढीचे संप्रेरकच दुधाचेही काम पाहते. या समजुतीला आधार होता. मानवी वाढसंप्रेरकाच्या अंगी दूध आणण्याचा गुण खरोखरच आहे, आणि पीयूषिकेत ते प्रोलॅक्टिनच्या मानाने इतके विपुल असते की त्याच्या ढिगाखाली दुसरे झाकून जावे. शंका उत्पन्न केली ती निराळ्याच स्त्रियांनी. जन्मतः वाढसंप्रेरक नसल्यामुळे ठेंगण्या राहिलेल्या काही स्त्रिया माता झाल्यावर आपल्या मुलांना व्यवस्थित अंगावर पाजीत होत्या. मग त्यांचे दूध कोण आणीत होते? १९७० साली फ्रांट्झ आणि क्लाइनबर्ग यांनी स्त्रीच्या रक्तातील हे द्रव्य वेगळे ओळखण्याची रीत दिली, आणि लगोलग कॅनडात हेन्री फ्रिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे काढून मोजण्याची अचूक पद्धत सिद्ध केली. माणूस चंद्रावर उतरला त्यानंतर आईच्या दुधाचे संप्रेरक सापडले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या नव्या विद्येत मुंबईही मागे नव्हती. परळ येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजननविषयक संस्थेत सत्तरीच्या दशकात प्रोलॅक्टिनवर बरेच काम झाले. ए. आर. शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ते पुरुषाच्या वीर्यातही असल्याचे दाखवून दिले. म्हणजे हे द्रव्य केवळ बाळंतिणीच्या मालकीचे नव्हे. त्याच संस्थेतील तोडीवाला, जोशी आणि विरकर यांनी १९७७ साली गर्भनिरोधक संप्रेरकांचा अंगावरच्या दुधाशी असलेला संबंध अभ्यासून प्रसिद्ध केला. कुटुंबनियोजनाचा गजर चालू असताना हा प्रश्न कोणीतरी विचारणे अगत्याचे होते. गोळीतील इस्ट्रोजेन दुधाचे प्रमाण घटवू शकते. म्हणूनच पाजत्या मातेला पहिले सहा महिने इस्ट्रोजेनयुक्त गोळी सामान्यतः देऊ नये, असा आज जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. केवळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे द्रव्य असलेल्या साधनांना तो दोष लागत नाही. दुकानातून परभारे गोळी आणून घेणाऱ्या बाईला हा फरक कोण सांगतो?

गर्भारपणात प्रोलॅक्टिन चढत जाते. प्रसूतीच्या सुमारास ते एरवीच्या कितीतरी पट झालेले असते. मग दूध त्याच वेळी का वाहू लागत नाही? तर वार हातात लगाम धरून बसलेली असते. वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन स्तनातील पेशींना पूर्ण दुधाचे काम सुरू करू देत नाही. तोवर अल्पसा चीक मात्र तयार होतो. प्रसूतीत वार पडली की लगाम सुटतो, आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येते. वारेचा तुकडा आत राहून गेल्यास दूध येण्यास विलंब लागतो, तो याच कारणाने. तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत 'हिला दूधच नाही' असा जो घरोघरी कालवा होतो, त्यात बाळंतिणीचा दोष नसून निसर्गाच्या वेळापत्रकाविषयीचे आपले अज्ञान असते. त्यातही पहिले दूध 'जड' म्हणून पिळून टाकण्याची रीत काही घरांतून अजून आढळते. गायीच्या चिकाचा खरवस ज्या घरात वेलदोडा घालून चवीने खाल्ला जातो त्याच घरात आईचा चीक मोरीत जावा, हे पाहून हसावे की रडावे हे कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ मधील पाचव्या फेरीत जन्मल्यापासून तासाभराच्या आत अंगावर घेतलेली मुले देशात शंभरात ४२ च्या आसपास आढळली.

येथपर्यंत संप्रेरकांचे राज्य निर्वेध दिसते. परंतु पुढे एक कोडे पडते, आणि गोठ्याच्या घरातील सुनेचे उत्तर त्या कोड्यातच आहे. बाळंतपणाला जसजसे महिने लोटतात तसतसे रक्तातील प्रोलॅक्टिन उतरत जाते. दूध मात्र उतरत नाही. दिवसाला सुमारे पाऊण लिटर या मानाने महिनोन्‌महिने ते टिकून राहते. शिवाय एकाच आईच्या दोन बाजूंचे दूध सारखे नसते. मूल एकाच बाजूला अधिक प्यायले तर त्या बाजूचे वाढते आणि दुसऱ्या बाजूचे कमी होते. रक्त तर दोन्हीकडे एकच वाहते. तेव्हा रक्तातील संप्रेरक हे मालक खरे, पण रोजचा हिशेब दुसराच कोणी ठेवीत असला पाहिजे.

हा हिशेबनीस स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेत शेळ्यांच्या गोठ्यात सापडला. तेथील संशोधकांनी ऐंशीच्या दशकात शेळीची एक बाजू नेहमीपेक्षा अधिक वेळा पिळली आणि दुसरी नेहमीप्रमाणेच. अधिक पिळलेल्या बाजूचे दूध वाढले, दुसऱ्या बाजूचे वाढले नाही. कदाचित कास हलकी झाल्यामुळे, ताण उतरल्यामुळे असे होत असेल, अशी शंका आली. म्हणून त्यांनी काढलेल्या दुधाच्या जागी तेवढेच साखरेचे पाणी आत भरून पाहिले. कास पूर्वीइतकीच भरलेली, तरी दूध वाढलेच! म्हणजे साचून राहिलेल्या दुधातच असे काही असते की जे 'आता पुरे' असा निरोप पेशींना देते. तो निरोप्या कोणता याविषयी पुढे बराच खल झाला. एका प्रथिनावर प्रथम संशय होता, नंतर सेरोटोनिन या द्रव्याकडे बोट दाखविण्यात आले. तपशिलाचा वाद काहीही असो, व्यवहाराचा नियम स्पष्ट आहे. निघते तेवढे बनते. साचते तेवढे थांबते.

आता त्या सुनेकडे वळू. कामावर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुपारपर्यंत तिची छाती दगडासारखी भरून येई, पोलके भिजे. स्वच्छतागृहात कडी लावून ती थोडे पिळून टाकी आणि परत झाडू हाती घेई. दुसऱ्या आठवड्यात भरून येणे थांबले. घराने याचा अर्थ 'आटले' असा केला, आणि तीही तसेच मानू लागली. वस्तुतः तिच्या शरीराने अकरा तास कोणी गिऱ्हाईक येत नाही हे पाहून दुकानाची वेळ कमी केली होती. त्यात भर म्हणजे, रात्री मूल उठले की सासूबाई कळवळून बाटली देत, सुनेची झोप मोडू नये म्हणून. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री, विशेषतः झोपेत, अधिक असते. रात्रीचे पाजणे या दृष्टीने मोलाचे. म्हणजे दिवसाचे गिऱ्हाईक कामाने तोडले आणि रात्रीचे मायेने.

हे झाले दुधाचे. पान्ह्याची कथा याहून जुनी आहे. पीयूषिकेच्या मागील भागाच्या अर्काने शेळीचे दूध वाहू लागते, हे ऑट आणि स्कॉट या अमेरिकन संशोधकांनी १९१० साली पाहिले होते. त्यातील द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन, अवघ्या नऊ अमिनो आम्लांची साखळी. प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आवळणारे आणि पुढे स्तनातील सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या स्नायुपेशी आवळून दूध नळ्यांत लोटणारे द्रव्य हेच. व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत घडविले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पान्हा चोरण्याचे शास्त्र मात्र ईली आणि पीटरसन यांनी १९४१ साली एका गायीवर मांजर बसवून शोधले, असे म्हटल्यास वाचकांस ती थट्टा वाटेल. पण ते अक्षरशः खरे आहे. धार काढण्याच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवावयाचे आणि कानाशी कागदी पिशव्या फोडावयाच्या. गाय बिथरली की दूध येईनासे होई. भीतीच्या वेळी स्रवणारे ॲड्रेनॅलिन टोचले तरी तोच परिणाम. ऑक्सिटोसिन दिले की धार पुन्हा सुरू. सात वर्षांनी मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने हीच तपासणी एका मानवी मातेवर केली. मूल पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, तिला तोंडी गणिते घातली, पायाचा अंगठा दुखेल इतका ओढला. एरवी बाळाला सुमारे १६८ ग्रॅम दूध मिळत असे ते या छळात ९९ ग्रॅमवर आले. छळ तसाच चालू ठेवून ऑक्सिटोसिनची सुई दिली तेव्हा १५३ ग्रॅम मिळाले. १९९४ साली जपानमधील संशोधकांनी गोंगाट आणि मानसिक ताण यांचा परिणाम रक्तात मोजला. ताणाखाली ऑक्सिटोसिनच्या लाटा कमी झाल्या, प्रोलॅक्टिन मात्र होते तसेच राहिले. दूध होते, पान्हा नव्हता. मारुंजीच्या गोठ्यातील वाक्य ते हेच.

दुसरी बाजूही तितकीच हृद्य आहे. ब्रिटनमध्ये १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाळ छातीशी येण्यापूर्वीच, त्याच्या नुसत्या हालचालीने वा रडण्याने अनेक मातांच्या रक्तात ऑक्सिटोसिन वाढल्याचे दिसले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हे निरीक्षण जवळजवळ जसेच्या तसे आहे. अपत्याचा स्पर्श, दर्शन, त्याची नुसती आठवणही दूध वाहवते आणि अखंड स्नेह हे त्या वाहण्याचे कारण होय, असे तेथे म्हटले आहे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. त्यांना रक्तातील द्रव्य ठाऊक नव्हते. पण त्यांनी आई नीट पाहिली होती, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

ऑक्सिटोसिनचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. रेडकू मेलेल्या म्हशीला पान्हा यावा म्हणून पूर्वी गवळी पेंढा भरलेले कातडे तिच्यापुढे ठेवीत. नंतर त्या जागी सुई आली. गोठ्यागोठ्यांतून तिचा बेबंद वापर होऊ लागला, तेव्हा केंद्र सरकारने २०१८ साली खाजगी कारखान्यांना हे औषध देशात विकण्यासाठी बनविण्यास बंदी केली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून बाळंतिणींचे प्राण वाचविणारे औषधही हेच आहे आणि त्याचा तुटवडा परवडणारा नाही.

रक्तस्रावावरून एक गोष्ट विसरता कामा नये. काही स्त्रियांना खरोखरच दूध येत नाही. प्रसूतीच्या वेळी अतोनात रक्त गेल्यास पीयूषिका सुकते, आणि दूध न येणे हे त्याचे पहिले लक्षण ठरते. शीहान या ब्रिटिश वैद्यकाने १९३७ साली त्याचे वर्णन केले. थायरॉइडचे विकार, राहून गेलेला वारेचा तुकडा, स्तनांची शस्त्रक्रिया, अशी आणखीही कारणे आहेत. अशा बाईला 'मनावर घेतलंस तर येईल' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तिला वैद्य हवा, उपदेश नको.

आणि अळीव? डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशोपा, शतावरी? बाळंतिणीला पोटभर आणि चांगले खाऊ घालणारी ही परंपरा फार चांगली. तिच्यावर टीका करण्याचे धाडस मी माझ्या आईच्या आठवणीनेच करणार नाही. एवढेच की, यांनी दूध वाढते याचा पक्का पुरावा तुटपुंजा आहे. बऱ्यापैकी अशक्त माताही पुरेसे दूध देतात. प्रोलॅक्टिन वाढविणारी डॉम्पेरिडोनसारखी औषधेही आहेत. पण हृदयाच्या ठोक्यांवर त्यांचा परिणाम होऊ शकतो आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घ्यावयाची नव्हेत. शिवाय साचलेले दूध 'थांबा' म्हणत असताना गोळीने 'चालू द्या' म्हणण्यात कितीसा अर्थ आहे?

दूध नियमाने निघत राहिले तर ते टिकते, याची साक्ष मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात मिळते. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दिवस न भरता जन्मलेल्या, स्वतः ओढून पिण्याची ताकद नसलेल्या अर्भकांसाठी माता दूध काढून ठेवतात. ज्यांचे अधिक आहे त्यांचे, ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, दुसऱ्यांच्या बाळांना दिले जाते. धारावीसारख्या वस्त्यांतून आलेल्या, पोटाला बेताचेच मिळणाऱ्या बायकांच्या दुधावर ही पेढी उभी राहिली. त्यांना वेळ दिला गेला, बसावयास जागा दिली गेली, आणि कसे काढावे ते कोणीतरी समजावून दिले.

वेळ आणि जागा कायद्यालाही ठाऊक आहेत. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या दिवसात पाजण्यासाठी दोन जादा सुट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची केली, आणि पन्नास वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक करून तेथे आईला दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या आहेत. संगणकापुढे बसणाऱ्या अभियंता मुलीला यातले पुष्कळसे मिळते. तिच्या खुर्चीखालची फरशी पुसणारी मात्र त्या कंपनीची नोकर नसते, ती कंत्राटदाराची. सव्वीस आठवडे मागितले तर तिच्या जागी उद्या दुसरी येते. गोठ्याच्या सुनेने प्रसूतीनंतर तीन महिन्यांतच झाडू उचलला तो हौसेने नव्हे. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, दोन बायकांच्या पीयूषिका सारख्याच, फरक हजेरीपटाचा.

रायगडावरच्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली गवळण ती. तिचे नाव आता एस.टी. स्थानकांवरील पाजण्याच्या खोल्यांना दिलेले असते. कथा सांगताना आपण तिच्या धैर्याचे वर्णन करतो, महाराजांनी बांधलेल्या बुरुजाचे करतो. संध्याकाळ कलली तेव्हा तिच्या छातीला काय कळ लागली असेल याविषयी कथा सांगणारे पुरुष बोलत नाहीत.

दिवाळीच्या सुटीत पुन्हा गोठ्यावर गेलो. शास्त्र डोक्यात ताजे होते. सूनबाई घरी होत्या. घाबरू नका, दूध आटलेले नाही, रात्री तुम्हीच पाजा, कामावर दोनदा तरी काढून ठेवा, पंधरवड्यात फरक पडेल, असे शिक्षकी उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. रात्रीचे त्यांनी आपणहूनच सुरू केले होते आणि थोडे भरूनही येऊ लागले होते. "पण दिवसाचं कसं करू, सर?" त्या म्हणाल्या. "मुकादम दहा मिनिटं देईल एखाद वेळेस, वाईट नाही तो. पण बसू कुठं? आमच्या सामानाच्या खोलीला कडीच नाही. संडासात काढलेलं बाळाला द्यायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. माझ्यापाशीही त्याला उत्तर नव्हते.

बाहेर आलो तो गोठ्यात म्हशीची जागा रिकामी. विकली की काय असे विचारले. "छे हो," मालक म्हणाले, "मशिन काही थांबत नाही, मग हिलाच हलवली. गावाच्या पलीकडं भावाचा गोठा आहे, तिथं नेऊन बांधलीय. शांत आहे तिथं." आणि त्यांनी माझ्या भांड्यात लिटरभर दूध मोजून घातले.